विष ओढणारा जहरमोहरा

"सरका, सरका! हवा येऊ द्या! महाराजाले दिसून नाही राह्यलं!"

लोणवाडीच्या दादाजी महाराजांच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेच्या ओट्या तशाच बांधलेल्या ठेवून शेतातून पळत आल्या होत्या. नार्नूरच्या बाजाराला निघालेला ऑटो वाटेतच थांबला होता आणि आतली माणसं मागच्या दांड्यावर चढून माना लांबवत होती. मधोमध बाजेवर पंढरी पडला होता. कापसाच्या पऱ्हाटीत उतरताना त्याच्या पिंढरीला सापानं धरलं होतं. रक्ताचे ओघळ घोट्यापर्यंत आले होते, आणि पंढरी आपण मेलोच अशा खात्रीनं बायकोला शेवटचं सांगणं सांगत होता.

दादाजी महाराज मात्र निवांत. त्यांनी आधी पान थुंकलं, मग चूळ भरली, मग डोळे मिटले. रेशमी पिशवीतून त्यांनी तो काढला. काळा, चपटा, चिंचोक्याहून थोडा मोठा.

"हा जहरमोहरा!" महाराज गरजले. "नागराजाच्या माथ्यातला! माह्या गुरूनं हिमालयातून आणला! डॉक्टर सुई टोचते, हा टोचत नाही. डॉक्टर कागद लिहून देते, हा जीवदान देते! याले लोखंड चालत नाही, ब्लेड चालत नाही. याले फक्त विश्वास लागते, विश्वास!"

मागच्या महिन्यात हाच मोहरा गुरूला शेषानं स्वप्नात दिला होता आणि त्याच्याही आधी तो गंगेत सापडला होता. पण असल्या चौकशा करायला त्या गर्दीत कोणाला सवड होती!

महाराजांनी मोहरा पंढरीच्या जखमेवर टेकवला आणि हात काढून घेतला. मोहरा पडला नाही. पिंढरीला गोचिडासारखा चिकटून बसला.

"चिकटला! चिकटला!" गर्दीत एकच गलका उठला. एका म्हातारीनं तिथल्या तिथं लोटांगण घातलं.

थोड्या वेळानं मोहरा आपोआप गळून पडला. महाराजांनी तो दोन बोटांत उचलून दुधाच्या वाटीत टाकला. दुधातून बुडबुडे वर आले. "पाहा, पाहा! जहर निघून राह्यलं!" बाया एकमेकींना दाखवू लागल्या. पंढरी उठून बसला, पाय हलवून पाहिला आणि म्हणाला, "मले चहा पायजे." मग काय विचारता! जयजयकारानं पत्रे हादरले.

कुंपणाच्या भिंतीशी विमलबाई हातात खराटा धरून उभी होती. तीही पाहत होती. मोहरा चिकटला की दर वेळी तिच्या काळजात काहीतरी फाटायचं. याला चिकटला. त्याला चिकटला. मग माझ्याच रुपाला काऊन नाही?

आता ही रुपा कोण, ते सांगायलाच हवं.

रुपा तिची एकुलती एक पोरगी, चौथीतली. मागच्या वेचणीला घरात कापसाचा ढीग लागला होता. इकडं कापूस विकला जाईपर्यंत घरातच असतो, माणसांच्या अंथरुणाशेजारी. थंडीत पोरं त्या ढिगावरच झोपतात, कारण तिथं ऊब असते. रुपाही झोपली. सकाळी उठली ती पोट धरून. "माय, पोटात दुखून राह्यलं," म्हणाली. मग म्हणाली, "पाणी गिळवत नाही." मग तिच्या पापण्या जड झाल्या. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. ढिगाच्या पायथ्याशी मात्र शेपटीचं टोक सळसळून गेलेलं विमलबाईनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"उटनूरले दवाखान्यात नेऊ," ती म्हणाली होती.

"आधी महाराजाले दाखवू," असं म्हणत भगवानराव, तिचा नवरा, पोरीला खांद्यावर टाकून निघालाही होता. महाराजांनी तिच्या पायाला मोहरा लावला, हाताला लावला, मानेला लावला. तो कुठंच चिकटला नाही. "विष नाही हो," महाराज हसले. "साप नाही, कापसातला किडा चावला. डोळे जड झाले ना? देवानं झोप देल्ली. झोपू द्या लेकराले."

त्यांनी तिला झोपू दिलं. ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी खुलासा केला. विष होतंच, पण मोहरा रुसला. का रुसला? घरात कोणाच्या तरी मनात शंका होती. "कोण म्हणलं होतं दवाखान्याचं नाव?" त्यांनी विचारलं आणि सगळ्या माना विमलबाईकडं वळल्या.

काय हा बंदोबस्त! माणूस जगला तर मोहऱ्यानं जगवला, मेला तर आईच्या मनानं मारला. महाराज दोन्हीकडून मोकळे. आणि त्या बिचारीनं ते खरं मानलं. वर्षभर अंगण झाडायची सेवा केली तर डाग धुऊन निघेल, पोरीच्या जिवाला शांती मिळेल, असं सांगितल्यावर ती रोज सकाळी खराटा घेऊन येऊ लागली. भगवानरावानं तिला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. पण तिच्याकडं नीट पाहणंही त्यानं सोडलं होतं.

तर त्या दिवशी पंढरीभोवती जमलेल्या गर्दीत गावच्या मराठी शाळेतल्या सुवर्णा टीचरही आल्या होत्या. मूळच्या मुधोळच्या, याच जूनमध्ये बदलून आलेल्या. पोरांनी काठीवर टांगून आणलेला मेलेला साप त्यांनी वाकून पाहिला.

"ही तर धामण आहे," टीचर म्हणाल्या. "धामणीला विषच नसतं. हिच्या चाव्यानं माणूस औषधाशिवायही जगतो."

"मॅडम," महाराज गोड हसले, "तुमी पोराइले पाढे शिकवा. साप आमाले शिकवू नका." गर्दी खो खो हसली. पंढरी तर चिडलाच. "मी मरून वापस आलो न् ह्या म्हणते विषच नाही!"

गर्दी पांगल्यावर टीचर खराटा मारणाऱ्या विमलबाईजवळ आल्या. "बाई, तुम्ही रोज का झाडता इथं?"

विमलबाईनं झाडता झाडताच सगळं सांगितलं. इतक्या वेळा मनात उगाळलेलं की सांगताना आवाजही हलला नाही. टीचर ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "रुपाला रक्त आलं होतं का हो कुठं?"

"नाही. खूणच दिसत नव्हती."

टीचरांचा चेहरा उतरला. "उद्या शाळा सुटल्यावर याल का?" एवढंच त्या म्हणाल्या.

शाळेत पोरांचा भात शिजतो त्या चुलीजवळ टीचरांनी एका डब्यातून काळा तुकडा काढला. हुबेहूब मोहरा! विमलबाई मागं सरकली.

"घाबरू नका. हे हाडूक आहे. जनावराचं हाड. डब्यात कोंडून निखाऱ्यात भाजलं आणि दगडावर घासलं. झाला मोहरा." टीचरांनी तो तुकडा पाण्यात टाकला. बुडबुडे आले. "कोरडी वीट पाण्यात टाकली की बुडबुडे येतात ना? तसेच हे. भाजलेल्या हाडात बारीक बारीक भोकं असतात. त्यातली हवा बाहेर पडते. विष नाही ते." मग दुसरा कोरडा तुकडा त्यांनी आपल्या जिभेला लावला आणि जीभ बाहेर काढली. तुकडा लोंबत राहिला.

विमलबाई पुन्हा जवळ आली.

"तो ओल्याला चिकटतो, बाई. रक्त असलं की रक्त पितो, प्याला की गळून पडतो. धामण चावली की दात उमटतात, रक्त येतं, म्हणून पंढरीभाऊला चिकटला. आणि मण्यार..." टीचर थांबल्या. "मण्यारीचे दात इतके बारीक की रक्तसुद्धा येत नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पोट दुखतं, गिळता येत नाही, पापण्या मिटतात. मण्यारीसारखा जीवघेणा साप नाही, आणि तिच्याच चाव्याला हा दगड हमखास गळून पडतो."

"म्हंजे माह्या मनानं नाही पडला तो?"

"नाही. तुमचं मन बरोबर होतं. तुम्ही म्हणालात तेच करायला हवं होतं."

टीचरांना वाटलं होतं, हे ऐकून बाईच्या उरावरचा धोंडा उतरेल. उतरला, पण त्याच्या खाली दुसरा होता. विमलबाईनं चुलीच्या कडेला हात टेकला. "म्हंजे रुपा वाचली असती," ती म्हणाली. टीचर रडू लागल्या.

मग विमलबाईनं विचारलं, "टीचर, तुमी देव मानता?"

"मी नाही मानत. माझी आई मानते, आम्ही एकाच ताटात जेवतो. देव आहे की नाही हे मला दाखवता येत नाही, बाई. पण हा दगड काय करतो, ते मी कोणालाही दाखवू शकते. गावाला दाखवू या?"

"नको," विमलबाई चटकन म्हणाली. "माय, पाया पडते, नको. रुपाचे बाबा तिले तिथं घेऊन गेले होते. मी चुकली असं आहे तोवर ते जेवते, शेतात जाते. हे त्याईले कळलं तर तो माणूस जगन का?"

आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खराटा घेऊन महाराजांच्या अंगणात हजर झाली. आता तिला ठाऊक होतं की पिशवीत हाडूक आहे. तरी झाडत होती. नवऱ्यासाठी. टीचरांनी शाळेतल्या पोरांना साप ओळखायला शिकवलं, पण मोहऱ्याचं नाव काढलं नाही. दोघीही गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याची किंमत आणखी एका घरानं मोजली असती.

वेचणी जोरात असताना एका सकाळी पंढरी धावत आला. खांद्यावर त्याची पोरगी मीनल. "महाराज! सकाळपासून पोट दुखते म्हणते! डोळे उघडून नाही राह्यली!"

"कुठी झोपली होती?" विमलबाईनं खराटा टाकून विचारलं.

"कापसावर."

मीनलच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या आणि ती काहीतरी बोलत होती ते नाकातून येत होतं, शब्द कळत नव्हते. अगदी तसंच. माणसं जमू लागली. भगवानरावही आला होता, देवाला दूध घेऊन. तो पोरीकडं पाहत जागीच थिजला.

महाराजांनी डोळे मिटले, मोहरा काढला, मीनलच्या पायाला लावला. गळून पडला. हाताला लावला. गळून पडला. "विष नाही!" महाराज हसले. "किडा आहे. घरी न्या, झोपू द्या लेकराले."

पंढरीनं सुटकेचा श्वास टाकला. "जय हो महाराज! मले वाचवलं, माह्या लेकरालेबी..."

"नेऊ नको घरी!" विमलबाई ओरडली. इतकी की पोरगीसुद्धा दचकली. "पंढरी, तिले दवाखान्यात ने! झोपू देऊ नको! माही रुपा अशीच झोपली!"

"पाहा, पाहा," महाराज लोकांकडं वळले. "हिची शंका अजून गेली नाही. हिनं आपलं लेकरू खाल्लं, आता दुसऱ्याचं..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. विमलबाईनं पुढं होऊन जमिनीवरचा मोहरा उचलला. बाईमाणसानं त्याला शिवायचं नव्हतं. गर्दीतून "अवं, अवं, काय करून राह्यली!" असा ओरडा झाला. तिनं पदरानं तो पुसला आणि आपल्या जिभेला लावला.

चिकटला.

ती जीभ बाहेर काढून लोकांसमोर उभी राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळली, सगळ्यांना दिसावं म्हणून. तोंडातून तो काळा तुकडा लोंबत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एखादीला हसू आलं असतं, पण कोणी हसलं नाही. मग तिनं तो ओढून काढला.

"माह्या जिभेले साप चावला का?" तिनं विचारलं. "सांगा ना! चावला का? हे हाडूक हाय, जनावराचं! ओलं दिसलं की चिकटते. हिले रक्त नाही म्हणून चिकटून नाही राह्यलं. विष हिच्या अंगात हाय! पंढरी, ऐक रे बाप्पा, लेकरू चाललं तुह्यं!"

पंढरी महाराजांकडं पाहत होता. महाराज "पाप, पाप" असं काहीतरी पुटपुटत होते. पोरीची मान कलली तरी बापाचे पाय हलेनात. विश्वास म्हणतात तो हाच. आपण जगलो त्याच दगडावर संशय कसा घ्यायचा?

तेवढ्यात भगवानरावानं दुधाचा गडवा खाली ठेवला. पंढरीच्या खांद्यावरून त्यानं मीनलला ओढूनच घेतलं. "गाडीवर बैस माह्या मागं," तो पंढरीला म्हणाला. "लेकराले मधात धर. बोलत राह्य तिच्याशी. झोपली तर थापड मार." त्याची मोटारसायकल धूळ उडवत उटनूरच्या रस्त्याला लागली. जाताना त्यानं विमलबाईकडं एकदा पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि तिला कळलं की त्याला सगळं कळलं आहे.

मीनल वाचली. उटनूरला तिला सापाच्या विषावरची इंजेक्शनं दिली, तिथून आदिलाबादला नेलं, काही दिवस यंत्रानं श्वास द्यावा लागला. मण्यारच होती. पंढरीच्या घरच्या ढिगाखाली सापडली.

भगवानराव आदिलाबादहून परतला त्या संध्याकाळी त्यानं नेहमीसारखे हातपाय धुतले आणि देवापुढं दिवा लावला. मग तिथंच बसून म्हणाला, "तुले ठाऊक होतं?"

"व्हय."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी?"

"तू म्हणत होती उटनूरले नेऊ," तो म्हणाला. "म्या तुहं ऐकलं नाही, विमल. वरून तुलेच अंगण झाडाले लावलं. म्या मारली तिले."

"तुमी वाचवाले नेली होती. मारणारा दुसरा हाय."

त्यानं दिव्याची वात नीट केली. "तू आता हात जोडत नाही."

"नाही जोडत. जो देव माह्या तोंडच्या एका शब्दाचा राग लेकरावर काढते, तो नसलेला बरा. मी वर्षभर त्याले भेत होती. आता नाही भेत."

"मी जोडीन," भगवानराव म्हणाला. "मले माफ कर, पण मी जोडीन. नाही मानलं तर रुपा कुठंच नाही ना, विमल. देव असला तर ती त्याच्यापाशी तरी असन."

यावर टीचरांच्या डब्यातला कोणताच तुकडा उपयोगाचा नव्हता. विमलबाई त्याच्याशेजारी बसली. तिनं हात जोडले नाहीत, पण तो उठेपर्यंत तीही उठली नाही.

रविवारी शाळेच्या मैदानात गाव जमलं. दादाजी महाराज आले नाहीत. त्यांनी आधीच पिशवी उचलून पलीकडच्या गावात अंगण धरलं होतं, आणि तिथंही गर्दी होते असं ऐकू येत होतं. टीचरांनी हाडाचे तुकडे पोरांच्या हाती दिले. पोरांनी ते जिभेला लावले, कापलेल्या बटाट्याला लावले, दुधात टाकले. "बटाट्याले साप चावला!" एक पोट्टं ओरडलं आणि मैदान हसलं. धामण का सोडते, मण्यार का मारते, कापसाच्या ढिगापासून अंथरूण दूर का ठेवायचं, बाजेवर मच्छरदाणी खोचून का झोपायचं, सगळं टीचरांनी सांगितलं. पंढरी मान खाली घालून ऐकत होता. मीनल त्याच्या मांडीवर होती.

मागून एक म्हातारा उठला. "टीचरबाई, तुमी सारं खोटं म्हणता. म्हंजे देवबी खोटा का?"

टीचर उत्तर देणार तोच भगवानराव उभा राहिला. तो कधी चारचौघांत बोललेला माणूस नव्हता.

"बापूजी, देवाचं मले इचारा," तो म्हणाला. "मी देव मानतो. उद्याबी मानीन. माह्या घरची मानत नाही, तिचंबी खरं हाय. ते ज्याचं त्यानं पाहावं. पण मी माही पोरगी या दोन हातानं उचलून त्या दगडापाशी नेली. दवाखान्याची वाट हिनं सांगतली होती. ती वाट मी चुकलो, न् दोष हिले लावू देल्ला. म्हणून हात जोडून सांगतो. कोणी म्हणलं का तुमचा विश्वास कमी पडला, तर त्याले म्हणा, आधी दाखव तुहं औषध काय करते ते. लेकराचे डोळे मिटून राह्यले तर कोणाच्या पाया पडू नका, कोणाची वाट पाहू नका. लेकरू उचला, दवाखान्यात न्या."

खाली बसता बसता तो म्हणाला, "देव खरा असन तर तो तिथंबी येईन ना."